शिकविणाऱ्याचा हिशेब : ख्रिस्तपुराण, पंडिता रमाबाई आणि आपले धर्मशिक्षण

काही वर्षांपूर्वी त्रैक्याच्या रविवारी लोंढ्याच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना पवित्र त्रैक्याचा विषय समजावून सांगत होतो. लोंढा हे रेल्वेचे गाव. बेळगावकडून येणारा, धारवाडकडून येणारा आणि कॅसलरॉकच्या घाटातून गोव्याहून येणारा असे तीन लोहमार्ग येथे एकत्र मिळतात. वर्गातील अनेक मुलांच्या घरी आजोबा किंवा वडील रेल्वेच्या नोकरीतले. तेव्हा दृष्टांतही तिथलाच घ्यावा असे मला वाटले. मी म्हणालो, “एकच माणूस घरी मुलांचा बाप असतो, आपल्या म्हाताऱ्या आईपुढे तो मुलगा असतो, आणि स्टेशनवर गेला की हिरवा झेंडा दाखविणारा गार्ड असतो. माणूस एक, नाती तीन. देवाचेही तसेच समजा.” मुलांचे चेहरे उजळले. विषय समजला असे त्यांना वाटले, आणि शिकविता आला असे मला वाटले.

मागच्या बाकावर नातीला घेऊन आलेल्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान मीटरगेजच्या काळात खरोखरच गार्ड होते. वर्ग संपल्यावर त्या जवळ आल्या आणि संकोचाने म्हणाल्या, “फादर, माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण एक विचारू? असे जर आहे, तर गेथशेमानीच्या बागेत येशू रडून कोणाजवळ मागत होता? स्वतःजवळच?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते असे नाही. उत्तर मी सेमिनरीत शिकलो होतो, परीक्षेत लिहिले होते. माझ्या दृष्टांताने त्या उत्तराचा घात केला होता, एवढेच त्या क्षणी लक्षात आले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच व्यक्तीची तीन रूपे किंवा तीन कामे आहेत, हे मत तिसऱ्या शतकात रोम येथे सबेल्लियसच्या नावाशी जोडले गेले आणि ख्रिस्तसभेने ते नाकारले. ते मत खरे मानले तर पुत्राची प्रार्थना हे नाटक ठरते, पित्याचे पुत्रावरील प्रेम हे स्वतःवरील प्रेम ठरते, आणि क्रुसावर पित्यानेच प्राण सोडला असे म्हणावे लागते. मी पाखंड शिकवीत नव्हतो; मी फक्त सोपे करून सांगत होतो. पण सोळा-सतरा मुले जे घेऊन घरी गेली, ते सबेल्लियसचेच मत होते.

पुढच्या रविवारी मी त्याच मुलांपुढे उभा राहून ती चूक कबूल केली. त्या प्रसंगापासून जो प्रश्न मनात घर करून राहिला आहे, तो ह्या लेखात मांडावयाचा आहे. ख्रिस्ती शिक्षक खोटी शिकवण पसरवितो ती बहुधा दुष्टाव्याने नव्हे, तर सोयीने, घाईने आणि शब्दांच्या गाफीलपणाने. मग तिच्यापासून दूर राहण्याची जबाबदारी त्याने कशी पार पाडावी? ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ विदेशी ग्रंथांत शोधण्याचे कारण नाही. मराठी भाषेत ख्रिस्ती सत्य सांगण्याचा चारशे वर्षांचा प्रयत्न आपल्या हाताशी आहे. त्यातील दोन मोठ्या प्रयत्नांकडे, आणि ओघाने तिसऱ्याकडे, टीकाकाराच्या नजरेने पाहावे असा माझा विचार आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चुकीचे बोलणे आणि पाखंड ह्या एकच गोष्टी नव्हेत. प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोस नावाच्या वक्त्याची हकीकत आहे. तो शास्त्रात प्रवीण होता, उत्साही होता, येशूविषयी बरोबरच बोलत होता. पण त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला ह्या पतिपत्नींनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्यांनी त्याला चारचौघांत फजीत केले नाही, आणि त्यानेही आपल्या विद्वत्तेचा ताठा धरून ऐकावयाचे नाकारले नाही. पाखंडाचा आरंभ अज्ञानात नसतो. दुरुस्त होण्यास दिलेल्या नकारात तो असतो. याकोबाच्या पत्रात पुष्कळांनी शिक्षक होण्याची हाव धरू नये असा इशारा आहे, कारण शिकविणाऱ्यांचा न्याय अधिक कडक रीतीने होणार आहे. हे वाचून शिकविणेच सोडून द्यावे असा त्याचा अर्थ नव्हे. शिकविणाऱ्याने आपला हिशेब उघडा ठेवावा, हा त्याचा अर्थ होय. ही कसोटी हाती घेऊन आपण पुढे जाऊ : शिक्षकाने प्रश्नाला जागा ठेवली आहे काय?

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांची बहुतेक हयात साष्टी भागात गेली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. १९०७ साली मंगळूर येथे सालडाणा ह्यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, आणि १९५६ साली पुण्याहून बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ती निघाली, तेव्हा सामान्य मराठी वाचकाच्या हाती ते खऱ्या अर्थाने आले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग. पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ह्या ग्रंथाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. ते बहुतांशी त्यातील भाषेच्या गौरवासाठी. धर्मशिक्षणाचा ग्रंथ म्हणून त्याची पारख मात्र थोडी झाली आहे.

त्या दृष्टीने पाहता सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ग्रंथाचा उगमच एका श्रोत्याच्या मागणीत दाखविला आहे. मुलांना धर्मशिक्षण दिले जात असता एक जाणता गृहस्थ पाद्रीला विचारतो की, ही शिकवण ठीक आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हांला काही तरी नको काय? पुराण हे त्या मागणीचे उत्तर आहे. पुढेही कथा एकसारखी वाहत जात नाही. श्रोते मध्येच अडवितात, शंका काढतात, आणि कथन करणारा थांबून उत्तर देतो. पुराणाच्या जुन्या घाटात श्रोता-वक्ता ही योजना असतेच, हे खरे. परंतु स्टीफन्स ह्यांनी ती केवळ शोभेसाठी घेतलेली नाही. ऐकणाऱ्याच्या मनात कोणता गैरसमज उत्पन्न होईल हे ओळखून त्याला तोंड फुटण्यास त्यांनी जागा करून दिली. माझ्या वर्गात जे एका वृद्ध बाईंनी आपणहून केले, ते त्यांनी ग्रंथाच्या रचनेतच बसविले.

दुसरी गोष्ट त्यांच्या शब्दनिवडीची. स्वर्गासाठी ते ‘वैकुंठ’ हा शब्द निःशंकपणे वापरतात. हा शब्द विष्णूच्या धामाचा. तो उचलताना त्याच्याबरोबर एक सबंध विश्वकल्पना उचलली जाणार, हे त्यांना कळत नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल. उलट पवित्र आत्म्याचे नाव, बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांची नावे, ही त्यांनी परभाषेतलीच ठेवली. म्हणजे काही शब्द त्यांनी येथल्या मातीतले घेतले आणि काही मुद्दाम परके ठेवले. ह्यात मला एक विवेक दिसतो. ज्या ठिकाणी कथा शब्दाला नवा अर्थ देऊ शकते, तेथे जुना शब्द चालतो. वैकुंठात कोण वसतो आणि तेथे जाण्याचा मार्ग कोणता, हे कथा पुढे सरकते तसे श्रोत्याला आपोआप कळत जाते. पण जेथे एका शब्दातच संपूर्ण श्रद्धाविषय साठलेला असतो आणि जुन्या अर्थाची ओढ अनावर होण्याचा संभव असतो, तेथे परका शब्द हा कुंपणासारखा उपयोगी पडतो. शिवाय त्यांनी एकाच ग्रंथावर सारा भार टाकला नाही. त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी, ‘दौत्रिन ख्रिस्तां’, त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापली गेली. पुराण हृदयासाठी आणि प्रश्नोत्तरी नेमकेपणासाठी, अशी ही जोडी आहे. कथेशिवाय सूत्र कोरडे राहते आणि सूत्राशिवाय कथा कोठेही वाहत जाते, हे त्यांनी जाणले होते.

परंतु टीकाकाराने येथेच थांबून चालणार नाही. ज्या साष्टीत हे पुराण गायिले गेले, तेथील देवळे १५६७ साली मोठ्या संख्येने पाडण्यात आली होती. गोव्यात १५६० साली धर्मन्यायसभा स्थापन झाली होती आणि मधला थोडा खंड वगळता ती १८१२ पर्यंत चालू राहिली. तिचे घोषित काम काय होते? खोट्या शिकवणीपासून श्रद्धेचे रक्षण! आपल्या विषयाशी ह्याहून निकटचा आणि ह्याहून लाजिरवाणा दाखला मिळणार नाही. त्या न्यायसभेपुढे उभ्या राहिलेल्या नवख्रिस्ती माणसाला त्रैक्याचे सूत्र अगदी अचूक शिकविले गेले असेल. पण तुरुंगाच्या भिंतींनी त्याला आणखी एक धडा दिला, तो असा की देव भय घालून आपल्याकडे ओढतो. हा धडा कोणत्याही पाखंड्याच्या मताइतकाच खोटा होता, आणि तो शुद्ध मताच्या राखणदारांनी शिकविला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात सत्य हे स्वतःच्याच बळाने मनावर ठसते, जुलमाने नव्हे, असे स्पष्ट केले. आमच्या भागात हे वाक्य समजण्यास चारशे वर्षे लागली, असे म्हणावयास हरकत नाही. स्टीफन्स ह्यांच्या ग्रंथातील तो गृहस्थ ‘आमची पुराणे बंद केलीत’ असे म्हणतो, तेव्हा त्या सौम्य मागणीच्या मागे केवढे दुःख उभे आहे, हे आजच्या वाचकाने विसरू नये. ग्रंथात प्रश्नाला जागा होती; ग्रंथाबाहेर ती नव्हती. ख्रिस्तपुराणाचे मोल आणि त्याची मर्यादा ही दोन्ही ह्या एका वाक्यात सांगता येतील.

पंडिता रमाबाई ह्यांच्याकडे वळताच चित्र उलटते. येथे प्रश्न विचारणारी व्यक्ती शिक्षकाच्या योजनेतली नाही. ती हाडामांसाची, संस्कृतात पारंगत, कोणाच्याही धाकात न येणारी आहे. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तेथील भगिनी जेराल्डिन आणि चेल्टनहॅम महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिआ बील ह्यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो अ. भि. शहा ह्यांनी संपादित केलेल्या १९७७ सालच्या संग्रहात वाचावयास मिळतो. धर्मशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने हा संग्रह एकदा तरी वाचावा. रमाबाई त्रैक्याविषयी प्रश्न करतात, अथनासियच्या नावाने चालत आलेल्या विश्वासांगीकारातील धमकीवजा वाक्यांना आक्षेप घेतात, आणि बायबलात जे आढळत नाही ते केवळ ख्रिस्तसभा सांगते म्हणून कसे मानावे असे विचारतात. येथील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले असताना दुसरे तसलेच जू आपण घेणार नाही, असा त्यांचा आशय आहे.

भगिनी जेराल्डिन ह्यांच्या पत्रांतून त्यांची तळमळ दिसते. शिष्येचा घात होऊ नये म्हणून त्या खरोखर कळवळलेल्या आहेत. परंतु शंकेला त्या गर्व समजतात. मिस बील मात्र प्रश्नाला प्रश्न म्हणून घेतात, आपल्या स्वतःच्या अडचणी सांगतात आणि वाट पाहतात. मताच्या दृष्टीने दोघींत फार अंतर नसावे. अंतर शिकविण्याच्या रीतीत आहे. रमाबाईंच्या काही मतांशी मी स्वतः सहमत नाही. ख्रिस्तसभेच्या परंपरेशिवाय केवळ ग्रंथ हाती घेतला तर निकेआच्या परिषदेत ३२५ साली आरियसही ग्रंथातलीच वचने पुढे करीत होता, हे विसरता येत नाही. पण त्यांना मिळालेले एक उत्तर, ‘तू नम्र हो’, हे उत्तरच नव्हते. शिक्षकाला उत्तर देता येत नाही तेव्हा तो शिष्याच्या स्वभावाकडे बोट दाखवितो. ही खोड आपणा सर्वांना आहे.

पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी एक विलक्षण गोष्ट नोंदविली. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त आपल्याला त्यानंतर कित्येक वर्षांनी लाभला, असे त्या सांगतात. शिकविणाऱ्यांनी ह्या कबुलीवर पुष्कळ वेळ विचार केला पाहिजे. रमाबाईंना कोणी खोटे मत शिकविले नव्हते. तरीही सत्य पोहोचण्यास आणखी एक अंतर शिल्लक होते. मत शुद्ध राखले की आपले काम संपले, अशी समजूत असेल तर तीही एक प्रकारची खोटी शिकवणच होय.

त्यांच्या उत्तरायुष्यातील महान कार्य म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून ते केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली संपूर्ण बायबल तेथील छापखान्यातून बाहेर पडले. अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे म्हणून साधी भाषा, आणि हिंदू तत्त्वज्ञानाच्या अर्थाने भारलेले संस्कृत शब्द टाळण्याचा कटाक्ष, ही त्या भाषांतराची दोन लक्षणे. स्टीफन्स ह्यांनी ‘वैकुंठ’ उचलले. रमाबाईंनी अशा शब्दांच्या दारावर पहारा बसविला. परदेशातून आलेल्या इंग्रजाने धीर करावा आणि संस्कृतातील पंडितेने माघार घ्यावी, हे वरवर पाहता उलटे वाटते. पण त्यात नवल नाही. ज्याला शब्दाची पाळेमुळे ठाऊक असतात, त्यालाच त्याचे भय अधिक वाटते.

रमाबाईंच्या ह्या सावधगिरीविषयी मला अतीव आदर आहे. परंतु तिच्यावरही एक आक्षेप घेतला पाहिजे. कोणताही शब्द बाप्तिस्मा घेऊन जन्माला येत नाही. साधा शब्दही निर्धोक नसतो. आपल्या उपासनेतील ‘तारण’ हाच शब्द घ्या. आमच्या सीमाभागात पतसंस्थांच्या पाट्यांवर ‘सोनेतारण कर्ज’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. येशूने आपले तारण केले असे मुलांना सांगितले, तर त्यांच्या डोळ्यांपुढे गहाण ठेवलेली आईची माळ उभी राहते, आणि मग एक मुलगा विचारतोच : “येशूला कोणाकडे ठेवले होते?” हसण्याचे कारण नाही. हाच प्रश्न चौथ्या शतकात ख्रिस्तसभेच्या श्रेष्ठ आचार्यांपुढे होता. ख्रिस्ताने दिलेली खंडणी कोणाला दिली गेली? निस्साचे ग्रेगरी सैतानाला दिली गेली असे सुचवितात. त्यांचेच स्नेही नाझियांझचे ग्रेगरी ती कल्पना धिक्कारतात, कारण लुटारूला देवाकडून मोबदला मिळावा हे त्यांना असह्य वाटते. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्म ह्यांनी त्याच प्रश्नाला निराळे उत्तर दिले. मुलाने पतसंस्थेच्या पाटीवरून जो प्रश्न काढला, तो धर्मज्ञानाच्या मुख्य रस्त्यावरचा होता. ‘तारण’ शब्द टाळून हा प्रश्न टळत नाही. तो उघड करून, हा दृष्टांत कोठपर्यंत खरा आणि कोठून पुढे खोटा, हे सांगावे लागते. धोका शब्दात कमी असतो. शब्द उच्चारून पुढे निघून जाण्यात अधिक असतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या कवीने ख्रिस्तभक्तीला अभंगाची वाट मोकळी करून दिली, आणि आजही मराठी उपासनेत त्यांची गीते गायिली जातात. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारताना त्यांना संकोच वाटत नाही. काहींना ही भाषा सैल वाटते. माझे मत असे आहे की, गीताची तपासणी विश्वासांगीकाराच्या कलमासारखी करू नये. प्रेमाचे बोलणे व्याख्येचे नसते. तथापि माणसे जे गातात तेच शेवटी मानतात, हेही तितकेच खरे. प्रवचन सोमवारी विसरले जाते, चाल वर्षानुवर्षे ओठांवर राहते. म्हणून नव्या गीतांचे पुस्तक निवडणाऱ्यावरही शिक्षकाची जबाबदारी पडते. टिळकांच्या गीतांत भक्ताची आर्तता असते आणि ख्रिस्ताचे दुःख विसरलेले नसते. आज ध्वनिवर्धकावर वाजणाऱ्या कित्येक गीतांत देव केवळ देणारा आहे आणि भक्त केवळ घेणारा. तेथे क्रूस असतो तो चालीपुरता.

ह्यावरून आपण आपल्या आजच्या स्थितीकडे येतो. आमच्या लोकांच्या हातातील मोबाइलवर दररोज अनेक भाषांतील प्रवचने येतात. त्यांतील पुष्कळ चांगली असतात. पण काहींत असे ठासून सांगितले जाते की, विश्वास पुरेसा असेल तर रोग राहणारच नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शरीराच्या वेदनेबरोबर ही दुसरी वेदनाही सोसावी लागली : आपला विश्वास उणा पडला म्हणून आपण बरे होत नाही. त्याने ईयोबाचे पुस्तक कधी ऐकले नव्हते, आणि पौलाच्या शरीरातील काटा प्रार्थनेनंतरही काढला गेला नाही हे त्याला कोणी सांगितले नव्हते. खोटी शिकवण पुस्तकात राहत नाही. ती अशी रुग्णाच्या उशाशी येऊन बसते. जगाच्या अंताच्या तारखांचेही तसेच. अमेरिकेतील हॅरल्ड कॅम्पिंग ह्यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली. दिवस उजाडला आणि मावळला. पुढे त्यांनी आपली चूक मान्य केली, ही त्यांच्या बाजूची गोष्ट; पण तोवर कित्येकांनी आपली मिळकत आणि मनःशांती गमावली होती.

मात्र दुसऱ्यांच्या चुका मोजण्यात एक सुख असते, आणि त्या सुखापासून आपण सावध राहिले पाहिजे. आपल्या वेदीपासून शिकवण शुद्ध दिली जाते. पण आपल्या वागण्याची शिकवण कोणती? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, अंत्युखियात पेत्र परजातीय बांधवांच्या पंगतीतून उठून दूर झाला, तेव्हा आपण त्याला सर्वांसमक्ष अडविले. पेत्राने कोणतेही चुकीचे वाक्य उच्चारले नव्हते. तो फक्त ताटावरून उठला होता. पौलाच्या मते तेवढ्यानेच सुवार्तेच्या सत्याला बाधा आली. सोयरीक जुळविताना आणि मयताच्या घरी जेवताना आपण अजून जात विचारीत असू, तर ख्रिस्तामध्ये सर्व एक आहेत हे आपले प्रवचन आपणच खोडून काढीत आहोत. हे पाखंड कोणत्याही परिषदेने नाव देऊन निषेधिलेले नाही. म्हणूनच ते आपल्यामध्ये सुखाने नांदते.

मग उपाय काय? शिकविणाऱ्याने पाळावयाच्या तीनच गोष्टी येथे नमूद करतो, आणि त्याही मला माझ्या चुकीने शिकविल्या आहेत.

पहिली, दृष्टांत देताना त्याची हद्दही सांगावी. प्रत्येक दृष्टांत कोठे तरी मोडतो. तो कोठे मोडतो हे शिक्षकाने स्वतः सांगितले तर तो उपयोगी पडतो, श्रोत्याला नंतर कळले तर अश्रद्धा उत्पन्न होते, आणि कोणालाच कळले नाही तर खोटी शिकवण रुजते. दुसरी, वर्गात आणि प्रवचनानंतर प्रश्नाला वेळ ठेवावा, आणि प्रश्न विचारणाऱ्याचे शिक्षण पाहू नये. कार्डिनल न्यूमन ह्यांनी १८५९ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले आहे की, आरियसच्या मताच्या वादळात अनेक बिशप डगमगले असता सामान्य श्रद्धावंतांनी श्रद्धा राखली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईंनी धर्मज्ञानाच्या पदवीधराला सबेल्लियसच्या खड्ड्यातून बाहेर काढले, ह्यात त्याच जुन्या गोष्टीची पुनरावृत्ती आहे.

तिसरी गोष्ट सर्वात कठीण. जेथे चूक शिकविली तेथेच ती दुरुस्त करावी. चारचौघांत सांगितलेली चूक एकांतात कबूल करून भागत नाही. संत ऑगस्टीन ह्यांनी आयुष्याच्या अखेरीस आपले सारे ग्रंथ पुन्हा वाचून, कोठे काय चुकले आणि काय निराळ्या शब्दांत सांगावयास हवे होते, ह्याचा एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेचा सर्वश्रेष्ठ आचार्य सत्तरी ओलांडल्यावर आपला हिशेब लोकांपुढे मांडतो. मग आम्ही गावोगावचे धर्मगुरू, उपदेशक आणि रविवारच्या शाळेतील शिक्षक, ‘मागच्या खेपेस मी चुकीचे सांगितले’ एवढे एक वाक्य बोलण्यास का कचरतो? आपला मान जाईल असे आम्हांला वाटते. माझा अनुभव उलट आहे. त्या दुसऱ्या रविवारी मी मुलांना सांगितले की, गार्डचा दृष्टांत मोडला आहे, कारण येशू खरोखरच पित्याशी बोलत होता आणि पिता खरोखरच ऐकत होता. देव एकच आहे, पण तो एकटा नाही. एका मुलीने लगेच विचारले, “म्हणजे जग नव्हते तेव्हाही देव कोणावर तरी प्रेम करीत होता?” त्या प्रश्नात सबंध धर्मसिद्धांताचा गाभा होता. तो माझ्या चतुर दृष्टांताने तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता. दृष्टांत मोडल्यावर पोहोचला.

त्या वृद्ध बाई अजूनही वर्गाला येतात. नात आता कॉलेजसाठी बेळगावला असते. तरी त्या मागच्या बाकावर आपली जागा सोडीत नाहीत. त्रैक्याचा रविवार जवळ आला की मी माझे टिपण आधी त्यांना वाचून दाखवितो.